विभागांचे न मागितलेले जाहिरात-मेल: विद्यापीठाचं धोरण नेमकं कुठे बसवायचं?

अनाहूत (धागाकर्ता)

एका राज्य विद्यापीठासाठी ईमेल धोरणाचा मसुदा करायचा आहे. परिस्थिती सगळीकडे असते तीच. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम, शॉर्ट टर्म सर्टिफिकेट कोर्स, एफडीपी (शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण कार्यक्रम), शुल्क घेऊन होणाऱ्या परिषदा, माजी विद्यार्थी मेळावा. जो तो विभाग आपापल्या खात्यावरून सगळ्या विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि पूर्वी अर्ज करून प्रवेश न घेतलेल्यांनाही जाहिरात पाठवतो. मसुद्यात सध्या एकच वाक्य आहे: "विभागांनी अनावश्यक ईमेल पाठवू नयेत." हे कुणी पाळणार नाही हे उघड आहे.

प्रश्न असे: जाहिरात कशाला म्हणायचं? परवानगी कुणी द्यायची? 'नको' म्हणणाऱ्याचं काय करायचं? आणि भारतात याला कायद्याचा आधार काय? बाहेरच्या विद्यापीठांत हे काम करणारे इथे बरेच आहेत, त्यांनी तिकडचंही सांगावं.

टपालहंशील

आधी तो 'अनावश्यक' शब्द काढा. कुठल्याही विभागप्रमुखाला आपला मेल अनावश्यक वाटत नाही.

दुसरं म्हणजे, हे धोरण मेल पाठवण्याच्या टप्प्यावर बसवलंत तर ते कधीच लागू होणार नाही. ते यादी हातात पडण्याच्या टप्प्यावर बसवा. विभागाकडे आठ-दहा हजार पत्त्यांची एक्सेल फाइल आहे तोवर परिपत्रकं काढून काही होत नाही. फाइल पेनड्राइव्हवर असते, मग विभागाच्या लिपिकाच्या जीमेलवर जाते, मग परिषदेच्या आयोजक समितीकडे. प्रवेश पोर्टल, परीक्षा प्रणाली आणि माजी विद्यार्थी कक्ष या तीन ठिकाणांहून 'एक्स्पोर्ट' कोण करू शकतं ते पहिल्यांदा तपासा. ती परवानगी पाच-सहा लोकांपुरती आणा. निम्मं काम तिथेच होतं.

त्यानंतरची व्यवस्था अशी:

विभागाने मजकूर द्यायचा आणि कुणाला जायला हवा ते शब्दांत सांगायचं, उदाहरणार्थ 'एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष'. पत्ते काढणं आणि पाठवणं केंद्रीय साधनातून. विभागाला पत्ते दिसतच नाहीत.

यादी बाहेर द्यावीच लागली तर चार गोष्टींची नोंद: कुणाला दिली, कशासाठी, किती पत्ते, कोणत्या तारखेला नष्ट करायची.

'सर्व विद्यार्थी' सारखे जे ग्रुप असतात त्यांवर पोस्ट करण्याचा हक्क कुलसचिव कार्यालय, परीक्षा विभाग आणि संगणक केंद्र यांनाच. बाकीच्यांचा मेल मॉडरेशनला, म्हणजे मंजुरीसाठी, थांबला पाहिजे. गूगल ग्रुपमध्ये 'सदस्य कोण पाहू शकतं' ही सेटिंग वेगळी असते, तीही बंद करा. नाहीतर पोस्ट करता येत नाही म्हणून लोक सदस्ययादी उचलतात आणि बीसीसीमध्ये टाकतात. घाईत ती सीसीमध्ये पडली की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना.

पैलतीर

यादीच्या मुद्द्याला जोरदार +१. अमेरिकेतलं एक प्रकरण इथे अगदी चपखल बसतं. व्हाइट बफेलो व्हेंचर्स विरुद्ध टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन. डेटिंग साइट चालवणाऱ्या या कंपनीने २००३ मध्ये माहिती अधिकारासारख्या तिथल्या राज्य कायद्याखाली विद्यापीठाकडेच ईमेल पत्ते मागितले. विद्यापीठाने दिले! मग मेलचा मारा सुरू झाला, तक्रारी आल्या, आणि विद्यापीठाने आपल्या धोरणाचा आधार घेऊन तो सर्व्हर अडवला. कंपनी कोर्टात गेली. २००५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. मजेशीर भाग हा की वापरकर्त्यांना होणारा त्रास आणि वाया जाणारा वेळ हे कारण टिकलं, सर्व्हरवर ताण येतो हे कारण मात्र न्यायालयाला पटलं नाही. धोरणाच्या प्रस्तावनेत 'सर्व्हरवरील भार' लिहायचा मोह होतो. तो टाळा आणि वाचणाऱ्याच्या वेळेबद्दल लिहा.

आता व्याख्या. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यात संमती आधी लागत नाही, पण नकार पाळावाच लागतो: १० कामकाजाच्या दिवसांत. नकाराची सोय मेल गेल्यापासून किमान ३० दिवस चालू राहिली पाहिजे, टपालाचा खरा पत्ता हवा, विषयात फसवणूक नको. नकारासाठी उत्तर पाठवणं किंवा एका वेबपानाला भेट देणं यापलीकडे काही करायला लावता येत नाही. संस्था नफा कमावत नाही म्हणून सरसकट सूट नाही.

तुमच्या कामाची आहे ती 'मुख्य हेतू' कसोटी. सूचना आणि जाहिरात एकाच मेलमध्ये असेल तर दोन गोष्टी बघतात. विषय वाचून सामान्य माणसाला ती जाहिरात वाटते का? आणि सूचनेचा मजकूर सुरुवातीलाच आहे का? 'हॉल तिकीट उपलब्ध' असा विषय, वर एमबीएचं रंगीत पोस्टर आणि तळाला हॉल तिकिटाची लिंक, असा मेल या कसोटीवर जाहिरातच ठरतो. मसुद्यात मात्र याहून कडक लिहा: सूचनेच्या मेलमध्ये जाहिरात अजिबात नको. कारण ज्याला जाहिरात नको तो पूर्ण मेलच बंद करतो, आणि मग हॉल तिकीटही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

अजून एक. त्या कायद्यात 'पाठवणारा' म्हणजे पूर्ण संस्थाच असं नाही. एखादा विभाग पूर्ण मेलभर स्वतःच्याच नावाने वावरत असेल तर तो विभागच पाठवणारा धरता येतो. त्यामुळे एका विभागाला दिलेला नकार दुसऱ्याला लागू होत नाही असं विभाग म्हणू शकतात, आणि म्हणतातही. कायद्याने ते चालेल, पण विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर एकच विद्यापीठ असतं. तीन विभागांना तीनदा 'नको' म्हटल्यावर चौथ्यांदा तो 'स्पॅम' चं बटण दाबतो.

मेपलची_पानं

कॅनडाचं उलटं आहे. तिथला कायदा, म्हणजे कॅसल, १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि आधी संमती मागतो. संमती दोन प्रकारची. स्पष्ट संमती मागे घेईपर्यंत चालते. गृहीत संमतीला घड्याळ लागलेलं असतं: खरेदी किंवा करारानंतर २ वर्षं, नुसती चौकशी केली असेल तर ६ महिने. म्हणजे मार्चमध्ये ज्याने कोर्सची फी विचारली त्याला पुढच्या जानेवारीत त्याच आधारावर मेल करता येत नाही. संस्थांना दंड कमाल १ कोटी कॅनडियन डॉलर.

विभाग हमखास अडकतात त्या जागा:

आधीच टिक केलेला चौकोन ही स्पष्ट संमती नव्हे.

'तुमची संमती द्याल का?' असं विचारणारा मेल हाच व्यावसायिक मेल धरला जातो.

संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर. त्यामुळे तारीख, वेळ, कोणत्या फॉर्मवर आणि त्या वेळी फॉर्मवर नेमकं वाक्य काय होतं, हे सगळं जपावं लागतं. पत्त्यापुढे नुसतं 'होय' लिहिलेला एक्सेलचा रकाना पुरत नाही.

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या देणगी-आवाहनाला सूट आहे, आणि कॅनडातली बरीचशी विद्यापीठं तशी नोंदलेली आहेत. पण देणगीच्या मेलला चिकटून सशुल्क कार्यक्रमाची जाहिरात पाठवली तर मुख्य हेतू काय हा प्रश्न उभा राहतोच.

थेम्सकाठ

वरच्या 'संमती विचारणारा मेल' या मुद्द्यावर ब्रिटनचं ठळक उदाहरण: मार्च २०१७ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तालयाने फ्लायबी या विमान कंपनीला ७०,००० पौंडांचा दंड केला. मेलचा विषय साधाच होता, तुमची माहिती बरोबर आहे ना. पण तो गेला होता जाहिराती नकोत असं सांगून बसलेल्या ३३ लाख पत्त्यांवर. होंडालाही त्याच सुमारास १३,००० पौंड दंड झाला, कारण मेल पाठवायला संमती होती याचा पुरावा देता आला नाही.

माजी विद्यार्थी कक्षाला हे वाचून दाखवा. 'जुनी यादी ताजी करू' म्हणून सगळ्यांना मेल टाकायची कल्पना तिथूनच येते.

कांगारूकर

ऑस्ट्रेलियात २००३ च्या स्पॅम कायद्यात शिक्षणसंस्थांना खास सवलत आहे. आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना आपल्याच अभ्यासक्रम-सेवांबद्दल मेल पाठवला तर संमतीची आणि अनसबस्क्राइबची अट लागत नाही. कोण पाठवतंय ते मात्र स्पष्ट हवं. चौकशी करून गेलेल्यांना ही सवलत नाही आणि बाहेरच्या कंपनीची जाहिरात केली तरी नाही. सवलत असली तरी अनसबस्क्राइब ठेवावंच, न ठेवून मिळत काही नाही.

आणि नकारासाठी लॉगिन मागू नका. २०२३ मध्ये तिथल्या कॉमनवेल्थ बँकेने याच कारणासाठी ३५.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरले. विद्यापीठांच्या पोर्टलमध्ये 'लॉगिन करून पसंती बदला' हीच रचना आयती मिळते, म्हणून मुद्दाम सांगतो.

कलमकसाई

भारताचं सांगतो. खास ईमेल स्पॅमसाठी आपल्याकडे कायदा नाही. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८ चे नियम फोन कॉल आणि एसएमएसपुरते आहेत, डीएनडी नोंदवून ईमेल थांबत नाही. आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता, पण ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. अजूनही काही महाविद्यालयांच्या धोरणात ६६अ लिहिलेलं दिसतं, ते काढून टाका.

आधार आहे तो २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, नोटीस वगैरे मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. मसुदा आत्ताच त्या मापाने शिवा.

कलम ६: संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. प्रवेशअर्जावर 'वरील माहिती खरी आहे' या प्रतिज्ञेतच 'विद्यापीठाकडून संदेश येतील' घुसडलं तर ती विशिष्ट संमती होत नाही. चौकोन वेगळा ठेवा, कोरा ठेवा, आणि तो न निवडता अर्ज पुढे गेला पाहिजे.

कलम ५: नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी नोटीस आधी लिहा, मग इंग्रजी करा. उलटं केलं की 'डेटा प्रिन्सिपल' (ज्याचा डेटा आहे ती व्यक्ती) चं 'डेटा प्राचार्य' होतं.

जुन्या याद्या: कायदा लागू होण्यापूर्वी संमती घेतलेली असेल तर नोटीस देऊन वापर चालू ठेवता येतो. पण मुळात संमतीच घेतली नसेल तर ही पळवाट उपयोगाची नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक याद्या या दुसऱ्या प्रकारात बसतात.

कलम ९ कडे विद्यापीठांचं लक्षच नसतं. १८ वर्षांखालची व्यक्ती कायद्याने बालक. बारावीनंतर अर्ज करणारी पुष्कळ मुलं १७ वर्षांची असतात, कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर बोलायलाच नको. त्यांच्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करायला मनाई आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना दिलेली सूट शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या देखरेखीपुरती आहे, जाहिरातींना ती नाही. बालकांविषयीची कर्तव्यं मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. जन्मतारीख अर्जात असतेच. केंद्रीय साधनातच असं लावा की अठरावा वाढदिवस होईपर्यंत तो पत्ता जाहिरात-यादीत येणारच नाही. पालकांची संमती गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका.

विभागप्रमुख_वैतागलेले

सगळं मान्य. पण स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाच्या जागा भरल्या नाहीत तर तो बंद पडतो आणि कंत्राटी शिक्षकांचे पगार थांबतात. प्रशासनाकडे एक मेल मंजुरीला टाकला की पंधरा दिवस लागतात, तोवर प्रवेशाची मुदत संपते. म्हणून लोक स्वतःच्या जीमेलवरून पाठवतात. त्यांना गुन्हेगार ठरवून काय मिळणार?

टपालहंशील

@विभागप्रमुख_वैतागलेले, रास्त आहे. मंजुरीला वेळेची मर्यादा नसलेलं धोरण चोरवाटाच तयार करतं. म्हणून मसुद्यात दोन्ही बाजू बांधा.

संगणक केंद्राने कामकाजाच्या २ दिवसांत उत्तर द्यायचं. मुदतीत हरकत आली नाही तर मजकूर आपोआप पुढच्या पत्रकात जायचा. पत्रक म्हणजे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सगळ्या विभागांच्या जाहिराती एकत्र. प्रत्येकाला ४० शब्द आणि एक लिंक. वेगळा स्वतंत्र मेल हवा असेल तर विभागाला सत्रात दोनच, आणि तेही संमती दिलेल्यांनाच.

मजकूर तपासणारा माणूस मजकुराचा दर्जा तपासत नाही, हेही लिहून ठेवा. त्याने बघायचं ते एवढंच: श्रोतृवर्ग बरोबर आहे का, विषय खरा आहे का, लिंक विद्यापीठाच्या डोमेनवर जाते का. शॉर्टलिंक आणि 'इथे फी भरा' असलेले मेल वैयक्तिक जीमेलवरून येत राहिले की फिशिंगवाल्याचं काम आपणच सोपं करून देतो.

डीकिमदास

तांत्रिक बाजू राहिली. धोरणाला दात इथूनच येतात.

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम केले. २४ तासांत ५,००० च्या आसपास किंवा अधिक मेल वैयक्तिक जीमेल पत्त्यांवर गेले की तुम्ही 'बल्क सेंडर'. मोजणी मुख्य डोमेनवर होते, सगळी उपडोमेन धरून, आणि एकदा हा शिक्का बसला की निघत नाही. निकालाच्या दिवशी कुठलंही मोठं विद्यापीठ हा आकडा ओलांडतं. त्यानंतर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात, जाहिरात-मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं, नकार दोन दिवसांत पाळावा लागतो, आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायचं. ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन, गाठलं की मेल अडायला लागतात. आउटलुकनेही मे २०२५ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कची अशीच अट घातली.

याचा अर्थ एका विभागाच्या उत्साहाने पूर्ण विद्यापीठाचं डोमेन बदनाम होतं, आणि परीक्षेचे मेल स्पॅममध्ये जातात. व्यवस्थापन परिषदेपुढे हा एकच मुद्दा मांडलात तरी धोरण मंजूर होईल.

करायचं काय, क्रमाने:

जाहिरातीसाठी वेगळं उपडोमेन, परीक्षा आणि प्रवेशासाठी वेगळं. उपडोमेनने संरक्षण पूर्ण मिळत नाही, पण बरंच मिळतं.

डीमार्क आधी 'नन' वर (मेलवर काहीच कारवाई नाही) ठेवा आणि अहवाल येऊ द्या. चार ते सहा आठवड्यांत विद्यापीठाच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते कळतं. प्रवेशाचं सीआरएम (अर्जदारांशी संपर्क ठेवायचं सॉफ्टवेअर), ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, कुणीतरी घेतलेलं मेलचिंप या मेल-सेवेचं खातं, सगळं बाहेर येतं. प्रत्येकाचं डीकेआयएम जुळवा, मग 'क्वारंटाइन' (मेल स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (मेल घेऊच नका). सरळ 'रिजेक्ट' लावलंत तर पहिला बळी फीच्या पावतीचा जातो.

एसपीएफची नोंद डोमेनला एकच असते. विभाग आपल्या सेवेसाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) दुसरी एसपीएफ नोंद घालतात आणि दोन्ही निकामी होतात. शिवाय एसपीएफ तपासताना कराव्या लागणाऱ्या डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे. नोंदीत चार-पाच सेवा 'इन्क्लूड' केल्या (जोडल्या) की ती संपते.

जीमेलचा पत्ता 'फ्रॉम' मध्ये ठेवून भलत्याच सेवेतून मेल पाठवला तर डीमार्क जुळत नाही आणि मेल स्पॅममध्ये जातो. विभागांची 'आमचा मेल कुणाला मिळालाच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. गूगल वर्कस्पेसच्या (संस्थांसाठीच्या जीमेलच्या) साध्या खात्यावरून दिवसाला २,००० मेलची मर्यादा आहे. ओलांडली की ते खातं २४ तासांपर्यंत मेल पाठवू शकत नाही.

अनसबस्क्राइबच्या दोन हेडर ओळी लागतात आणि दोन्ही डीकेआयएमच्या सहीत असाव्या लागतात. नकार 'पोस्ट' (बटण दाबून पाठवलेल्या) विनंतीवरच नोंदवा, 'गेट' (नुसती लिंक उघडल्याच्या) विनंतीवर नको. बऱ्याच संस्थांच्या मेल सर्व्हरवर सुरक्षा-तपासणी असते, ती मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघते. 'गेट' वर नकार ठेवलात तर माणसाने मेल उघडायच्या आधीच तो यादीतून गळतो, आणि एक पूर्ण महाविद्यालय एका रात्रीत 'नको' म्हणाल्यासारखं दिसतं.

गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवा, तक्रारींचा आलेख फुकट दिसतो. किती जणांनी मेल उघडला हा आकडा मात्र सोडून द्या. २०२१ पासून ॲपल मेल चित्रं आपणहून उतरवून ठेवतं, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडलेला दिसतो.

अनाहूत

बरंच हाती लागलं. दोन शंका. नकार दिलेला पत्ता यादीतून काढून टाकायचा की ठेवायचा? आणि सायबर कॅफेतून भरलेल्या अर्जांचं काय? एकाच पत्त्यावर शंभरेक अर्ज दिसतात.

टपालहंशील

काढू नका. पुसलात तर पुढच्या वेळी कुणीतरी जुनी एक्सेल चढवली की तो पत्ता परत जिवंत होतो. वेगळी नकारयादी करा: पत्ता, तारीख, कशाला नकार (एका विभागाला की सगळ्यांना). पाठवण्याआधीची शेवटची पायरी नेहमी नकारयादीशी ताडून बघणं हीच असावी. ताडताना सगळी अक्षरं लहान करून, मागेपुढे पडलेली रिकामी जागा छाटून घ्या. एक्सेलमधून आलेल्या पत्त्याच्या शेवटी एक स्पेस चिकटलेली असते आणि तेवढ्यावरून नकार निसटतो. बाउन्सचंही (न पोचता परत आलेल्या मेलचंही) पक्कं करा: पत्ताच अस्तित्वात नाही असं उत्तर आलं की पहिल्याच वेळी बाद, पेटी भरली आहे असं आलं तर आणखी दोन-तीनदा प्रयत्न.

पैलतीर

पसंतीच्या पानावर विभागवार चौकोन द्या हवे तर, पण 'सगळंच बंद' हा पर्याय सगळ्यात वर आणि मोठा. कॅन-स्पॅममध्येही यादी दिली तर हा पर्याय सक्तीचा आहे.

कलमकसाई

सायबर कॅफेचा पत्ता हा विद्यार्थ्याचा पत्ता नाही, त्यामुळे त्याच्यावरची संमतीही विद्यार्थ्याची नाही. सोपी चाळणी: एकाच पत्त्यावर तीनपेक्षा जास्त अर्ज असतील तर तो पत्ता जाहिरातीसाठी कायमचा बाद. अधिकृत सूचनाही तिथे नुसत्या पाठवून भागत नाही, एसएमएस आणि पोर्टल दोन्हीकडे द्या. दोन-तीन अर्ज असतील तर बहुधा भावंडं असतात. बाकी सगळ्यांना संमतीनंतर पडताळणीचा मेल जाऊ द्या. त्यातली लिंक दाबली तरच संमती पक्की. सात दिवसांत दाबली नाही तर पुन्हा आठवण करू नका.

तळटीप अशी ठेवा: "हा मेल तुम्हाला का आला: जून २०२६ मध्ये प्रवेशअर्ज भरताना तुम्ही 'नवीन अभ्यासक्रमांची माहिती हवी' हा पर्याय निवडला होता. नको असल्यास इथे कळवा, लॉगिन लागत नाही." महिना आणि फॉर्मचं नाव नोंदीतून आपोआप यायला हवं. नोंदीत ते सापडलं नाही तर तो मेल साधनाने रोखायचा.

विभागप्रमुख_वैतागलेले

आठवड्याच्या पत्रकात ४० शब्द कमी पडतात. पात्रता, फी, मुदत, संपर्क हे चार तरी यायला हवेत.

टपालहंशील

साठ घ्या. फी आणि मुदत आधी, 'नामवंत प्राध्यापकवर्ग' शेवटी. जागा उरली तर.